मोळीला आधी हात कोणाचा?

२५ जून २०२४ रोजी नीलेश लंके यांनी लोकसभेत खासदारकीची शपथ घेतली ती इंग्रजीतून. बाकीच्या देशाला त्यात विशेष काही वाटायचं कारण नव्हतं. अनेक खासदार इंग्रजीतून शपथ घेतात. नगर जिल्ह्यात मात्र ती चित्रफीत मोबाइलमागून मोबाइल फिरत राहिली. प्रचारात डॉ. सुजय विखे पाटील यांनी लंके यांना इंग्रजी बोलून दाखवण्याचं आव्हान दिलं होतं. विखे न्यूरोसर्जन, घराण्याची चौथी पिढी. लंके पारनेर तालुक्यातल्या हंगा गावचे, सगळी मदार गर्दीत मिसळून राहण्यावर. निकालात लंके २८,९२९ मतांनी पुढे आले आणि दिल्लीत जाऊन त्यांनी उत्तर दिलं.

त्या शपथेवरून लंके यांचं इंग्रजी कसं आहे ते कळलं का? नाही. शपथेचा मजकूर समोर छापलेला असतो. ते संसदेत काम कसं करतील हेही त्यातून कळण्यासारखं नव्हतं. जे कळलं ते एवढंच की, हा माणूस कोणाला तरी उद्देशून काहीतरी करतो आहे आणि ज्याला उद्देशून करतो आहे तो सभागृहात नाही, नगरमध्ये आहे.

पुढाऱ्यांच्या देहबोलीबद्दल आपल्याकडे जी चर्चा चालते, तिची गाडी रुळावरून घसरते ती नेमकी इथं. टीव्हीवर चेहरा गोठवून त्याभोवती लाल गोल काढला जातो आणि 'नाराजी स्पष्ट दिसत होती' असं सांगितलं जातं. म्हणजे हात, डोळे, खांदे ही मनाची खिडकी आणि पडदा जरा सरकला की आतलं सगळं दिसतं, असा समज. मला तो समज बहुतांशी खोटा वाटतो. पुढाऱ्याच्या अंगावरून बरंच काही वाचता येतं, पण त्यात त्याचं मन फारसं नसतं. असतात ते त्याचे इतरांशी असलेले संबंध. कोण कोणापेक्षा मोठा, कोण कोणाची वाट पाहतो, कोणाला कोणाची गरज आहे, हे.

लंके यांचाच एक फोटो घेऊ. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत त्यांनी भाळवणीला मोठं कोविड केंद्र उभं केलं होतं. त्या केंद्रात जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या आमदार लंके यांचा फोटो महाराष्ट्रभर गेला. समर्थकांनी त्यात आपला माणूस पाहिला. विरोधकांनी विचारलं, झोपलेल्या माणसाचा फोटो काढायला तिथं कोण उभं होतं? दोघांनीही एकाच चित्रावरून त्या माणसाच्या अंतःकरणाबद्दल उलट निष्कर्ष काढले आणि चित्राला त्यांतला एकही सिद्ध करता येत नव्हता. ते चित्र एकच गोष्ट सांगू शकत होतं, तो तिथं होता. त्या दिवसांत घरचे लोक दवाखान्याच्या फाटकापर्यंत जायला धजत नव्हते, तेव्हा तिथं असणं ही काही लहान गोष्ट नव्हती. पण ती हजेरीची गोष्ट झाली, चेहऱ्यावरच्या भावाची नव्हे.

आता चेहऱ्याकडे वळू, कारण त्यावर भरपूर संशोधन झालं आहे आणि ते जरा अस्वस्थ करणारं आहे. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात अलेक्झांडर तोदोरोव यांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकी सिनेटच्या निवडणुकांतल्या विजयी आणि पराभूत उमेदवारांचे फोटो जोडीनं दाखवायचे आणि विचारायचं, यांतला जास्त सक्षम कोण वाटतो? पाहणारे त्या उमेदवारांना ओळखत नव्हते. पक्ष माहीत नाही, भाषण ऐकलेलं नाही. तरीही ज्याचा चेहरा जास्त सक्षम वाटला तोच सुमारे ७० टक्के लढतींत निवडून आलेला निघाला. फोटो फक्त एक सेकंद दाखवला तरी उत्तर फारसं बदलत नव्हतं.

चार वर्षांनी स्वित्झर्लंडमध्ये जॉन अँटोनाकिस आणि ओलाफ डाल्गास यांनी हाच खेळ लहान मुलांशी खेळून पाहिला. पाच ते तेरा वर्षांच्या मुलांना फ्रान्समधल्या उमेदवारांच्या चेहऱ्यांच्या जोड्या दाखवल्या आणि विचारलं, तुम्ही जहाजातून लांबच्या सफरीला निघालात तर यांतला कोणता कप्तान घ्याल? मुलांनी निवडलेले कप्तान बहुतेक वेळा खरोखरच निवडून आलेले होते. ज्या प्रौढांना तेच फोटो दाखवले, त्यांचा अंदाज मुलांपेक्षा फार वेगळा नव्हता. दुसऱ्या एका अभ्यासात मेक्सिको आणि ब्राझीलमधले उमेदवार अमेरिकेतल्या आणि भारतातल्या लोकांना दाखवले गेले. आपल्या लोकांना त्या देशांचं राजकारण काय ठाऊक असणार? तरी कोण जिंकला असेल याचा त्यांचा अंदाज नाणेफेकीपेक्षा बराच चांगला आला.

हे ऐकून लोक लगेच म्हणतात, बघा, चेहरा खोटं बोलत नाही. पण प्रयोगात तसं काहीच सांगितलेलं नाही. मुलांनी चांगला कप्तान ओळखला नव्हता. मतदार कोणत्या चेहऱ्याला कप्तान समजतात ते त्यांनी ओळखलं होतं, कारण मतदार आणि मुलं दोघंही एकाच प्रकारे फसत होते. रुंद जबडा, स्थिर नजर, बाळसेदार नसलेला चेहरा म्हणजे कर्तबगारी, अशी एक खूणगाठ माणसाच्या डोक्यात असते. निवडून आल्यावर तो जबडा धरण भरत नाही की रस्ता करत नाही. म्हणजे या अभ्यासांचा विषय उमेदवार नाहीतच, आपण आहोत.

चेहरा सोडून हालचालींवर केलेला एक प्रयोगही मजेशीर आहे. डॅनियल बेंजामिन आणि जेसी शपिरो या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या गव्हर्नरपदाच्या वादचर्चांच्या दहा-दहा सेकंदांच्या फिती घेतल्या आणि आवाज बंद करून विद्यार्थ्यांना दाखवल्या. आवाज नसताना कोण जिंकला असेल हे विद्यार्थ्यांना बऱ्यापैकी सांगता आलं. मग आवाज चालू केला. आता उमेदवाराचा पक्ष आणि धोरण त्यांना जास्त नीट ओळखता आलं, पण कोण जिंकेल याचा अंदाज मात्र आणखी बिघडला. माहिती वाढली आणि भाकीत चुकलं. मतदाराबद्दल यापेक्षा बोचरं काही क्वचितच कोणी सप्रमाण सांगितलं असेल.

अर्थात अमेरिकेतली ७० टक्क्यांची गोष्ट जशीच्या तशी राहुरीत किंवा शेवगावात आणून बसवता येणार नाही. आपल्याकडे मत देताना पक्ष असतो, जात असते, उसाचं पेमेंट असतं, पाटपाणी असतं, सोयरेधायरे असतात. गेब्रियल लेंझ आणि चॅपल लॉसन यांनी दाखवलं आहे की, दिसण्याचा परिणाम सगळ्यात जास्त होतो तो ज्यांना राजकारणाची माहिती कमी आणि जे टीव्ही फार पाहतात अशा मतदारांवर. नगर जिल्ह्यातल्या मतदाराला माहिती कमी, असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. इथं पारावर बसलेल्या माणसाला कारखान्याच्या निवडणुकीतली गटवार बेरीज तोंडपाठ असते. तरीही यंत्रावर नावाशेजारी उमेदवाराचा छोटा फोटो २०१५ पासून आला आहे. नामसाधर्म्याचा गोंधळ टाळण्यासाठी आणलेली ती सोय. तिचा दुसरा काही परिणाम होतो का, हे आपल्याकडे कोणी मुलांना जहाज दाखवून तपासायला हवं.

आता खोटं ओळखण्याचा प्रश्न. कारण देहबोलीचं नाव काढलं की लोकांना खरं तर हेच हवं असतं. हा खोटं बोलतोय का, सांगा.

उत्तर निराशाजनक आहे. चार्ल्स बाँड आणि बेला डिपॉलो यांनी २००६ मध्ये दोनशेहून अधिक अभ्यासांची एकत्रित छाननी केली. त्यांत जवळपास पंचवीस हजार माणसांनी खरं-खोटं ओळखण्याचा प्रयत्न केला होता. सरासरी अचूकता निघाली ५४ टक्के. नाणं उडवलं असतं तर ५० आले असते. पोलीस, वकील, मानसोपचारतज्ज्ञ यांचीही सर्वसाधारणपणे तीच गत. जगभरातल्या ५८ देशांत लोकांना विचारलं की खोटारडा कसा ओळखाल, तर सर्वांत जास्त मिळालेलं उत्तर होतं, तो नजर चुकवतो. प्रत्यक्ष तपासात नजर चुकवण्याचा आणि खोटं बोलण्याचा संबंध जवळजवळ सापडत नाही.

आणि आपल्याकडे तर नजरेचे नियमच वेगळे. वडीलधाऱ्यापुढे नजर खाली ठेवायची हे मुलाला लहानपणापासून शिकवलेलं असतं. साहेबांसमोर मान वर करून डोळ्याला डोळा भिडवणारा कार्यकर्ता प्रामाणिक ठरत नाही, उद्धट ठरतो. इंग्रजीतून भाषांतर झालेल्या देहबोलीच्या पुस्तकांत हाताची घडी म्हणजे बचावाचा पवित्रा असं लिहिलेलं असतं. डिसेंबरात अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात संध्याकाळची सभा असेल तर सगळं व्यासपीठ हाताची घडी घालून बसलेलं दिसेल, आणि त्यामागे थंडीखेरीज दुसरं काही नसेल.

अमेरिकेनं या समजुतीवर केवढा पैसा घालवला तेही सांगण्यासारखं आहे. विमानतळांवर प्रवाशांच्या हावभावांवरून संशयित हेरण्यासाठी २००७ पासून खास प्रशिक्षित अधिकारी नेमले गेले. सहा वर्षांत सुमारे ९० कोटी डॉलर खर्च झाले. २०१३ मध्ये तिथल्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयानं अहवाल दिला की ही पद्धत उपयोगी असल्याचा पुरावा मिळत नाही, तेव्हा हात आखडता घ्या. आपल्याकडेही यंत्र लावून शरीराकडून सत्य वदवून घेण्याचा मोह होताच. २०१० मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं संमतीशिवाय केलेली नार्को आणि पॉलिग्राफ चाचणी घटनाबाह्य ठरवली. मुद्दा व्यक्तिस्वातंत्र्याचा होता, पण या चाचण्या कितपत भरवशाच्या आहेत याचीही चर्चा त्या निकालात आहे. तारा जोडून, नाडी मोजून जे खात्रीनं सांगता येत नाही, ते सभेत शंभर फुटांवर बसून आपल्याला सांगता येईल असं आपण कशावरून मानतो?

पुढाऱ्याच्या बाबतीत तर हे आणखी अवघड. खोटं बोलताना अंग थरथरतं ते पकडलं जाण्याच्या भीतीनं. जो माणूस तेच वाक्य दिवसाला सात सभांत म्हणतो, त्याची भीती तिसऱ्या दिवशी मरते. शिवाय बऱ्याचदा तो त्या वाक्यावर स्वतःच विश्वास ठेवू लागलेला असतो. उलट, आयुष्यात पहिल्यांदा पंचायत समितीला उभी राहिलेली बाई माइकसमोर घाम पुसते, कागद चुरगाळते, समोर न बघता घाईनं वाचून मोकळी होते. 'खोटारड्याची लक्षणं' म्हणून जी यादी पाठ केलेली असते, त्या यादीतली सगळी तिच्यात सापडतात. पंचवीस वर्षं मुरलेल्या माणसात एकही नाही.

चेहरा आजारानंही बदलतो. शरद पवार यांच्यावर २००४ मध्ये तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरच्या त्यांच्या ओठांच्या हालचालीवरून त्यांच्या मनातले डाव ओळखणारे विश्लेषक मी टीव्हीवर पाहिले आहेत. ती हालचाल राजकारणाची की शस्त्रक्रियेची, हा प्रश्न एकालाही पडलेला दिसला नाही.

नगर जिल्ह्यात गुरांचे मोठे बाजार भरतात. श्रीगोंदा तालुक्यातलं काष्टी, नेवाशातलं घोडेगाव. तिथं बैल घ्यायला आलेला शेतकरी नुसत्या रुबाबावर कधीच जात नाही. आधी तोंड उघडून दात पाहतो, म्हणजे वय कळतं. पाठीवर थाप मारून बुजतो का पाहतो. चालवून बघतो, जमलं तर जुंपूनही बघतो. मालक काही खोड लपवतोय का याची शेजाऱ्याकडे चौकशी करतो. आणि सौदा ठरतो तो उपरण्याखाली, बोटांच्या खुणांनी, बघ्यांना पत्ता न लागता. मतदाराच्या वाट्याला मात्र फक्त शिंगं रंगवून, झूल घालून उभं केलेलं जनावर येतं. दात मोजायची एक सोय झाली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनंतर २००३ पासून उमेदवाराला मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्हे यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं आणि ते कोणालाही वाचता येतं. देहबोलीवरच्या चर्चा तासभर बघणाऱ्यांपैकी किती जण ते पान उघडतात, हा प्रश्न मी दोन-तीन ठिकाणी विचारून पाहिला. लोकांनी विषय बदलला. ही देहबोली वाचायला मला तज्ज्ञ लागला नाही.

तर मग वाचावं काय?

ऑक्टोबर-नोव्हेंबरात कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो. बॉयलर पेटतो, पूजा होते आणि गव्हाणीत उसाची पहिली मोळी टाकली जाते. प्रवरानगर, संजीवनी, मुळा, अशोक, संगमनेर, अगस्ती, कारखाना कोणताही असो, दुसऱ्या दिवशीच्या पेपरातला फोटो जवळपास सारखाच. दहा-बारा माणसं आणि मध्ये मोळी. बाहेरच्या माणसाला त्यात फक्त ऊस दिसतो. जाणकार बघतो की मोळीला आधी हात कोणाचा आहे, गेल्या वर्षी अध्यक्षांच्या उजवीकडे असणारा संचालक यंदा कडेला का गेला, धाकटी पाती पहिल्यांदा कधी पुढे आली. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीनं याच जिल्ह्यात उभा केला. १९५० साली. तेव्हापासून या जिल्ह्यात सत्तेचा वारसा आधी मोळीच्या फोटोत जाहीर होतो आणि पक्षाच्या पत्रकात नंतर, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

या वाचनात मानसशास्त्र नाही. मोळीला हात लावणाऱ्याच्या मनात काय चाललं आहे याच्याशी आपल्याला कर्तव्यच नाही. जागा ही चारचौघांत दिलेली आणि घेतलेली गोष्ट आहे. ती देताना कोणीतरी मागे सरकलेलं असतं आणि ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. व्यासपीठावरची पहिली रांग, सूत्रसंचालकानं नावं घेण्याचा क्रम, सत्काराला शाल कोणाच्या हातून, मुख्य पाहुणा आल्यावर कोण उठून उभं राहिलं आणि कोण मोबाइल बघत बसून राहिलं, हे सगळं याच जातीचं. 'अनवधानानं नाव राहून गेलं' असं सूत्रसंचालक म्हणतो तेव्हा सभेतले निम्मे लोक हसतात, कारण अशी अनवधानं फुकट होत नाहीत हे त्यांना ठाऊक असतं.

ग्रामपंचायतीत तर हे वाचन फार कामाचं आहे. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. गावात कोणी पाहुणा अधिकारी आला की बघावं, सरपंचबाई कुठं बसल्या आहेत. मधल्या खुर्चीत त्यांचे पती आणि बाई कडेला पदर सावरून, प्रश्न बाईंना विचारला आणि उत्तर पतीनं दिलं, म्हणजे कारभार कोणाच्या हातात आहे ते कळलं. आणि दुसऱ्या वर्षी त्याच बाई मधल्या खुर्चीत बसून ग्रामसेवकाला कागद मागताना दिसल्या, तर त्या गावात काहीतरी मोठं घडलेलं आहे. त्यासाठी त्यांच्या भुवया मोजायची गरज नाही.

या खुणा भरवशाच्या का, तर त्यांची किंमत मोजावी लागते. हात जोडणं फुकट असतं. ज्या गाडीच्या टपातून उमेदवार दोन्ही बाजूंना हात जोडत जातो, ती वीस किलोमीटरच्या वेगानं चाललेली असते आणि नमस्कार भिंतींनाही होत असतो. पण प्रवरेच्या किंवा मुळेच्या काठावर दशक्रिया विधी असतो, सकाळची वेळ, घरात मतं चार, आणि तालुक्याचा पुढारी येऊन सतरंजीवर बसतो, श्रद्धांजलीचे दोन शब्द बोलतो, कावळा शिवेपर्यंत थांबतो. त्याचा तास गेला. लोक तो तास मोजतात. स्वतः आला की मुलाला पाठवलं की स्वीय सहायकाच्या हाती शोकसंदेश, या तीन पायऱ्या गावाला नीट कळतात. निवडणुकीचं वर्ष आलं की मात्र सगळेच सगळीकडे येऊ लागतात आणि या नाण्याचा भाव उतरतो. दशक्रियेला एकाच सतरंजीवर तीन इच्छुक, आणि भाषणं इतकी लांबतात की कावळाही कंटाळावा.

सर्वांत भरवशाची खूण कोणती विचाराल तर गैरहजेरी. मार्च २०१९ मध्ये सुजय विखे भाजपमध्ये गेले आणि नगर लोकसभेला उभे राहिले. त्या वेळी त्यांचे वडील राधाकृष्ण विखे पाटील काँग्रेसचे विधानसभेतले विरोधी पक्षनेते. वाहिन्यांवर थोरल्या विखेंच्या चेहऱ्यावरच्या भावांची चिकित्सा चालली होती. जिल्ह्यातल्या माणसाला तिची गरज नव्हती. मुलाविरुद्ध उभ्या असलेल्या आघाडीच्या प्रचारात ते कुठं दिसत नाहीत, एवढं त्याला पुरेसं होतं. जूनमध्ये ते युती सरकारात मंत्री झाले तेव्हा चकित झालेले लोक नगरचे नव्हते.

जवळ येणं मात्र वाचायला कठीण. २७ नोव्हेंबर २०१९ ची सकाळ आठवा. पहाटेच्या शपथविधीचं चार दिवसांचं नाट्य संपलं होतं, अजित पवार आमदारकीची शपथ घ्यायला विधानभवनात आले आणि दाराशी उभ्या असलेल्या सुप्रिया सुळे यांनी त्यांना मिठी मारली. त्या मिठीवर दिवसभर चर्चा झाल्या. घर सांधलं गेलं, कटुता संपली, असा निर्वाळा दिला गेला. २ जुलै २०२३ रोजी त्या दोघांचा पक्ष फुटला. मग ती मिठी खोटी होती का? मला तसं वाटत नाही. त्या सकाळी त्या दोघांना आणि पक्षाला जे जगाला सांगायचं होतं ते त्या मिठीनं चोख सांगितलं. साडेतीन वर्षांनंतरचं सांगण्याचं कंत्राट तिनं घेतलंच नव्हतं, ते आपण तिच्या गळ्यात बांधलं.

साताऱ्याचा पाऊसही तसाच. १८ ऑक्टोबर २०१९ ला भर पावसात उभं राहून बोलणारे जवळपास ऐंशीचे शरद पवार. त्या वेळच्या सातारा लोकसभेच्या पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटील यांनी उदयनराजे भोसले यांना ८७,७१७ मतांनी हरवलं आणि पावसानं निवडणूक फिरवली अशी दंतकथा तयार झाली. एवढ्या मताधिक्यातली किती मतं पावसाची हे कोणालाच वेगळं काढता येणार नाही. पण भिजणाऱ्या शरीरानं एक गोष्ट नक्की सांगितली, या माणसाला अजून लढायचं आहे. विरोधक नेमकं तेच नाकारत होते. पुढं काय झालं तर पावसात भाषण हा एक प्रकारच होऊन बसला. ढग आले की नेते छत्री बाजूला सारू लागले. दहाव्या पावसात कोणी भिजलं तरी लोक फक्त म्हणतात, सर्दी होईल.

या सगळ्याची दुसरी बाजू आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. पुढारीही मतदाराचं अंग वाचत असतो. किंबहुना त्याचा सगळा दिवस त्यातच जातो. हातात हात देताना पकड कशी होती, ओवाळायला बायका पुढे आल्या की दारातूनच बघत राहिल्या, सभेत खुर्च्या भरल्या पण टाळ्या कुठं थांबल्या. जुने कार्यकर्ते छातीठोकपणे सांगतात, साहेब, वातावरण आपलं आहे.

कर्जत-जामखेडमध्ये २०१९ ला रोहित पवार यांनी राम शिंदे यांना ४३,३४७ मतांनी हरवलं होतं. २०२४ ला तीच लढत पुन्हा झाली. दोन्हीकडे सभा भरल्या, दोन्हीकडे फेटे उडाले, जेसीबीतून फुलं उधळली गेली. फरक राहिला १,२४३ मतांचा. कोणत्या गर्दीचा चेहरा वाचून हा आकडा निघाला असता?

संगमनेरचं तर विचारूच नका. बाळासाहेब थोरात १९८५ पासून ओळीनं आठ वेळा निवडून आलेले. आवाज न चढवणारा, हातवारे न करणारा, सभागृहात आणि सभेत एकाच पट्टीत बोलणारा माणूस. त्यांच्या संथपणाला चाळीस वर्षं लोकांनी शालीनता म्हटलं. २०१९ ला मताधिक्य साठ हजारांच्या वर होतं. २०२४ च्या प्रचारातही गावोगावी स्वागताला माणसं होती, हार होते, पाया पडणारे होते. समोर शिवसेनेचे अमोल खताळ, विधानसभेला नवखे. २३ नोव्हेंबरला मतमोजणी झाली आणि थोरात १०,५६० मतांनी हरले.

निकालानंतर जाणत्यांनी लगेच सांगायला सुरुवात केली की प्रचारातच थोरातांची देहबोली थकलेली वाटत होती. निकाल उलटा लागला असता तर तिलाच त्यांनी संयम म्हटलं असतं. हार घालणाऱ्या हातांनी यंत्रावरचं कोणतं बटण दाबलं, हे ते हात अजूनही सांगत नाहीत. संगमनेरच्या बसस्टँडवर कोणालाही विचारा, तो हसून म्हणतो, आम्ही तर साहेबांनाच दिलं.